वाकलेला लॅपटॉप आणि एकतर्फी निवाडा

प्रति,
माननीय मंत्री,
ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : वॉरंटीतल्या लॅपटॉपची बॉडी वाकल्यास दोष कुणाचा, हे ठरवायचे कुणी?

महोदय,



मी बदलापूरला राहतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांचे हिशेब लिहिणे आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरणे हा माझा व्यवसाय. लॅपटॉप हे माझे पोटापाण्याचे साधन. गेल्या उन्हाळ्यात, वॉरंटी अजून शिल्लक असताना, त्याचा तळ फुगला, टचपॅड वर उचलले गेले आणि झाकण मिटेनासे झाले. अधिकृत सेवा केंद्रातल्या मुलाने तो हातात घेतला, कडेवरून बोट फिरवले आणि निकाल दिला, "बॉडी बेंड आहे सर, फिजिकल डॅमेज. वॉरंटीत नाही बसणार." एकही स्क्रू काढला गेला नाही. जॉबशीटवर 'ग्राहकाकडून झालेले नुकसान' या अर्थाचा शेरा पडला आणि पॅनल, बॅटरी, मजुरी अशी बेरीज केलेले एस्टिमेट माझ्या हातात आले.

त्या कंपनीचे नाव मी इथे घेत नाही. तिच्याविरुद्धची तक्रार जिथे करायची तिथे केली आहे. आपल्याला लिहितो आहे ते वेगळ्या कारणासाठी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत मिळून २०११ च्या जनगणनेतच नऊ लाखांवर माणसे होती. आज इथे कॉलेजची मुले, घरून काम करणारे नोकरदार, शिकवणीचे मास्तर, माझ्यासारखे हिशेबनीस, सगळ्यांचे काम लॅपटॉपवर चालते. दुरुस्तीच्या दुकानात बसून ऐकले तर दर दुसऱ्या माणसाची कहाणी सारखीच निघते. बॉडी वाकली, वॉरंटी नाकारली. यात एक गोष्ट मुळातच चुकीची आहे. दोष आतून आला की बाहेरून, हे ठरवणारा आणि 'बाहेरून' म्हटल्यावर ज्याचे पैसे वाचतात तो, हे दोघे एकच आहेत. वादी-प्रतिवादींपैकी एकालाच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले तर निकाल काय लागणार?

कंपन्या म्हणतील की वाकलेली वस्तू म्हणजे आपटलेली वस्तू, यात ठरवायचे काय? म्हणून आधी लॅपटॉप वाकतो कसा ते सांगतो. दुरुस्तीच्या धंद्यात त्याच्या बॉडीचे चार भाग मानतात. झाकणाची पाठ म्हणजे ए पॅनल, स्क्रीनभोवतीची चौकट बी, कीबोर्ड आणि टचपॅड ज्यात बसतात ते सी, आणि तळ म्हणजे डी. वाकण्याची मुख्य कारणे तीन, आणि तिन्हींच्या खुणा या पॅनलांवर वेगवेगळ्या उमटतात.

पहिले कारण बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जुन्या लॅपटॉपांत या बॅटरीचे सेल पोलादी नळकांड्यांत असत, १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. तळाचा खटका सरकवला की अख्खी बॅटरी हातात यायची. पुढे लॅपटॉप पातळ करण्याची चढाओढ लागली. नळकांडी गेली आणि त्यांच्या जागी ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेली चपटी पाकिटे आली. बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहिली, तिला उष्णता लागली, तिच्या घडणीत खोट राहिली किंवा ती नुसती जुनी झाली, तरी आतल्या द्रावणाचे विघटन होऊन वायू सुटतो. पोलादी नळकांडे तो दाब सोसते. पाकीट मात्र तव्यावरच्या फुलक्यासारखे फुगते. त्याच्या वर सी पॅनल आणि खाली डी पॅनल. जागा नसते, म्हणून पॅनले वाकतात. बॉडीने इथे मार खाल्लेला असतो तो आतून.

दुसरे कारण हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी. ती घट्ट असते, आणि तिचे स्क्रू ज्यात बसतात ते पितळी नट प्लास्टिकमध्ये रोवलेले असतात. रोज झाकण उघडताना सगळा जोर त्या चार-सहा नटांवर येतो. प्लास्टिक पातळ असले तर नट मुळासकट उखडतात, कोपरा फाकतो, आणि झाकण उघडले की सी पॅनलही सोबत वर येते. लॅपटॉप कधी हातातून पडलेला नसतो. तो फक्त उघडला आणि मिटला गेलेला असतो, म्हणजे ज्यासाठी बनवला तेच त्याच्यासोबत झालेले असते.

तिसरे कारण खरोखरच बाहेरचे असते. लॅपटॉप पडतो, त्यावर वजन येते, गर्दीत दाबला जातो. बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये पाठीवरची बॅग पोटावर घेऊन उभे राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. अशा नुकसानीचा भार कंपनीने उचलावा, असे कुणीही समंजस ग्राहक म्हणणार नाही.

पण या तीन प्रकारांतला फरक दिसतो. बॅटरी फुगलेली असेल तर फुगवटा मध्यभागी येतो, टचपॅड वर उचलले जाते, तळ टेबलावर डगमगतो, आणि तळ उघडला की फुगलेला सेल डोळ्यांनी दिसतो. त्याची जाडी मोजता येते. हिंज गेली असेल तर तडा हिंजच्या कोपऱ्यातच असतो आणि उखडलेले पितळी नट आत पडलेले सापडतात. पडलेल्या लॅपटॉपच्या कोपऱ्याला चेप आणि खरवड असते. दाबल्या गेलेल्याच्या झाकणावर खड्डा आणि स्क्रीनवर डाग असतो. शिवाय बॅटरीची चिप आपली नोंदवही स्वतः ठेवत असते. मूळ क्षमता किती होती, आता किती उरली, चार्जिंगची किती आवर्तने झाली, हे विंडोजच्या 'पॉवरसीएफजी' आदेशातून कुणालाही काढता येते. तेव्हा पुरावा असतो, आणि तो मिळवायला एक स्क्रूड्रायव्हर आणि थोडा वेळ पुरतो. जे तपासता येते ते न तपासता, बोट फिरवून निकाल देण्याची मुभा कंपनीला कुणी दिली?

आता आमच्या भागाची एक खास अडचण. एप्रिल-मेमध्ये बदलापूर-अंबरनाथचा पारा चाळीस अंश ओलांडतो. बारवी आणि उल्हास या नद्या जवळ असल्या तरी समुद्राचा वारा इथवर पोचता पोचता तापलेला असतो. त्यात दुपारी वीज जाते. वीज जाणार या धास्तीने माणूस लॅपटॉप सतत चार्जिंगला लावून ठेवतो. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता, नेमक्या याच दोन गोष्टी तिला सर्वांत जास्त छळतात. कंपन्यांची माहितीपत्रके उघडून पाहावीत. अनेकांत लॅपटॉप वापरण्याचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सियस लिहिलेले असते. ३५ अंश म्हणजे आमच्याकडचा मार्चमधला साधा दिवस. जे यंत्र महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात घरात बसून वापरणे हाच गैरवापर ठरतो, ते कंपनीने महाराष्ट्रात कोणत्या भरवशावर विकले? भारतात विकायचे असेल तर भारताच्या हवेला टिकेल असे बनवावे, निदान खोक्यावर ठळक अक्षरांत ३५ चा आकडा छापावा. विकताना हवामान विसरायचे आणि वॉरंटी नाकारताना आठवायचे, हे चालणार नाही.

फुगलेल्या बॅटरीत आणखी एक गोष्ट आहे, ती सुरक्षिततेची. ती टोचली गेली, दाबली गेली तर पेट घेऊ शकते. हा काही माझ्या मनाचा खेळ नाही. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीच्या सेल असलेल्या ४१ लाख बॅटऱ्या परत बोलावल्या, पाठोपाठ ॲपलने १८ लाख. जून २०१९ मध्ये ॲपलने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात मुख्यतः विकलेल्या पंधरा इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या बदलून देण्याचे जाहीर केले, आणि त्या ऑगस्टमध्ये आपल्याच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते लॅपटॉप विमानातून नेऊ नयेत अशी सूचना काढली. खराब झालेली किंवा सदोष लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला आंतरराष्ट्रीय नियमांचीच मनाई आहे. कंपन्यांच्या स्वतःच्या सूचनाही सांगतात की बॅटरी फुगली तर वापर थांबवा, दाबू नका.

आणि त्याच कंपन्यांची हेल्पलाइन आम्हाला सांगते, "सर, सेंटरला घेऊन या." ४२१५०३ हा पिनकोड सांगितला की घरी येऊन सेवा देण्याची सोय तिथे नसते, जवळचे केंद्र कल्याणला किंवा ठाण्याला. म्हणजे विमानात ज्याला जागा नाही ते ओझे आम्ही खचाखच भरलेल्या लोकलच्या डब्यात, माणसांमध्ये दाबून, न्यायचे. दोष कुणाचा हे नंतर ठरो. फुगलेली बॅटरी ग्राहकाच्या घरातून सुरक्षितपणे उचलून नेणे ही ती विकणाऱ्याचीच जबाबदारी असली पाहिजे.

वॉरंटीच्या कागदात आणखी एक चलाखी असते. अनेक कंपन्या लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी देतात, पण बॅटरीला एकच वर्ष, कारण ती झिजणारी वस्तू. झिजते हे मान्य. पण झिजणे म्हणजे चार्ज कमी टिकणे. फुगून शेजारचे पॅनल मोडणे म्हणजे झिजणे नव्हे. दुसऱ्या वर्षी बॅटरी फुगली आणि तिने सी पॅनल वाकवले, तर कंपनी सांगते की बॅटरी वॉरंटीबाहेर आणि पॅनल बॅटरीमुळे बिघडले म्हणून तेही बाहेर. तीन वर्षांची वॉरंटी ज्या पॅनलला आहे ते त्यांच्याच बॅटरीने मोडले, तरी पैसे ग्राहकाचे.

आपण म्हणाल, कायदा आहे. आहे, आणि चांगला आहे. महाराष्ट्राला त्याचे अप्रूप वेगळे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, कलम ३४ मुळे मी जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे ठाण्यात, दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मराठीतही बोलते, आणि १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल करता येते.

तरीही हा कायदा माझ्यासारख्याच्या हाती उशिरा येतो, याची कारणे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाहीत, ती काउंटरवर सापडतात. दोषाचा निर्णय तपासणीशिवाय होत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो. प्रयोगशाळेला ४५ दिवस मिळतात, तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. तपासणी लागणारी प्रकरणे पाच महिन्यांत निकाली काढावीत असे कलम ३८ सांगते. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात हे आपल्याला ठाऊक आहे. तोपर्यंत लॅपटॉप आहे तसाच, वाकलेला, पुरावा म्हणून ठेवायचा. दर महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख, जीएसटीच्या विवरणपत्रांच्या या दोन मुदती, कुणासाठी थांबत नाहीत. मग माणूस काय करतो? उल्हासनगरच्या दुकानात जाऊन बॅटरी बदलून घेतो, काम सुरू करतो आणि पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करतो. काम वाचवावे तर पुरावा जातो, पुरावा जपावा तर काम जाते. कंपनीला हे चांगले माहीत असते. काउंटरवरचा तोंडी नकार टिकतो तो याच कारणामुळे.

त्यात माझ्यासारख्यांना आणखी एक धमकी मिळते. "बिल फर्मच्या नावावर आहे सर, जीएसटी नंबर टाकलाय. तुम्ही ग्राहक नाहीच." हे धडधडीत चूक आहे. कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिले आहे की स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असे मानले जात नाही. शिवणयंत्र घेणारी बाई ग्राहक असेल तर लॅपटॉप घेणारा हिशेबनीसही ग्राहकच. पण हे काउंटरवर सांगायला वकील सोबत न्यावा लागतो.

आता उल्हासनगरविषयी दोन शब्द. आपल्या मंत्रालयाच्या 'दुरुस्तीचा अधिकार' या कल्पनेचा चालताबोलता नमुना पाहायचा असेल तर तो तिथे आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत वसवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक ते पाच असाच सांगतात. सगळे मागे टाकून आलेल्या माणसांनी जे मिळेल ते दुरुस्त करायला आणि जे मिळणार नाही ते बनवायला शिकून घेतले. देशाने त्यांच्या मालाची 'मेड इन यूएसए' म्हणून थट्टा केली. उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा त्याचा विस्तार. नक्कल झाली, चुकीचेही झाले, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्या हातांतले कसब खोटे नाही.

तिथल्या एखाद्या लहान दुकानात वाकलेला लॅपटॉप घेऊन जा. कारागीर आधी तळ उघडतो. अधिकृत केंद्राने जे केले नाही ते पहिले. फुगलेली बॅटरी दिसली की तिला चिमटा-पान्ना लावत नाही, चिकटपट्टी हळूच ओढून ती बाहेर काढतो आणि बाजूला ठेवतो. पॅनलला मोड आला असेल तर दाब देऊन जमेल तितका सरळ करतो. हिंजचे नट उखडले असतील तर खाण्याच्या सोड्यावर फेव्हिक्विक टाकून दगडासारखी खोबण तयार करतो आणि नट परत रोवतो, किंवा आरपार भोक पाडून स्क्रू-नट लावतो. काम टिकाऊ होते, देखणे नाही. पार्ट मागितला की मात्र त्याचा हात आखडतो. अस्सल पॅनल आणि अस्सल बॅटरी त्याला कंपनी विकत नाही. 'कॉम्पॅटिबल' म्हणून जे मिळते ते कुठून आले याची खात्री त्यालाही नसते. मोबाइल-लॅपटॉपच्या बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची आयएस १६०४६ ची नोंदणी सक्तीची आहे, पण सुट्या बाजारातल्या पाकिटावर छापलेली खूण खरी की खोटी, हे कोण पाहतो? अस्सल माल अडवून ठेवला की नकली मालाला बाजार आपोआप मिळतो. त्याचा दोष सरसकट उल्हासनगरला देऊन कंपन्या मोकळ्या होतात.

हा प्रश्न देशाला नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांवर, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांपासून अडवल्याबद्दल, अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, पण आयोगाने मांडलेले तत्त्व सोपे होते. वस्तू विकल्यानंतर तिच्या दुरुस्तीवर मक्तेदारी सांगता येत नाही. मोटारीला जे लागू, ते लॅपटॉपला का नाही?

आपल्या मंत्रालयाने दिशा योग्य धरली आहे. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे पोर्टल सुरू केले, आणि मे २०२५ मध्ये 'दुरुस्तीक्षमता निर्देशांका'चा अहवाल आपल्या समितीने सादर केला. वस्तू किती पायऱ्यांत उघडता येते, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वाजवी वेळेत मिळतात का, कोणती हत्यारे आणि कसले स्क्रू लागतात, सॉफ्टवेअर किती काळ मिळते, अशा निकषांवर वस्तूला गुण द्यायचे. कल्पना उत्तम. पण पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅब्लेट एवढेच घेतले आहेत. लॅपटॉप नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक लागू केला तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होता. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे, असा नियम येतो आहे. त्याच कंपन्या तिथे बॅटरी सुटी बसवून देतील. इथे चिकटवून द्यायला त्यांना कुणी अडवलेले नाही.

म्हणून माझ्या मागण्या मांडतो. त्या मोजक्या आहेत आणि बहुतेकांना नवा कायदा लागत नाही.

१. वॉरंटी नाकारायची असेल तर यंत्र उघडून, लेखी नाकारावी. जॉबशीटवर नेमके कारण, आतले-बाहेरचे फोटो, बॅटरीचा अहवाल आणि तपासणाऱ्याची सही असावी. न उघडता दिलेला नकार ही सेवेतली त्रुटी मानावी.

२. वॉरंटीच्या काळात बॅटरी फुगलेली आढळली तर दोष आतला आहे असे धरून चालावे. बाहेरचा असल्यास तो सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असावा. फुगलेल्या बॅटरीने वाकवलेले पॅनल त्या पॅनलच्या वॉरंटीत धरावे.

३. फुगलेली बॅटरी ग्राहकाच्या घरून, वॉरंटी असो वा नसो, सुरक्षितपणे आणि विनामूल्य उचलावी. अशा प्रत्येक बॅटरीची नोंद कंपनीने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला द्यावी. एकाच मॉडेलच्या नोंदी वाढल्या तर कलम २० खाली ती वस्तू परत बोलावण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. तो वापरावा.

४. दुरुस्तीक्षमता निर्देशांकात लॅपटॉप घ्यावा. बॅटरी, हिंज, सी आणि डी पॅनल यांचे अस्सल सुटे भाग बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना जाहीर किमतीत मिळावेत, आणि बाहेर उघडला एवढ्याच कारणाने वॉरंटी संपू नये.

५. वाद झाला तर जवळच एक तटस्थ डोळा हवा. अंबरनाथला शासकीय आयटीआय आहे. अशा संस्थांना प्राथमिक तपासणीचा अधिकार द्यावा आणि त्यांचा दाखला आयोगात ग्राह्य धरावा. म्हणजे ग्राहकाला पुरावा जपून काम बुडवावे लागणार नाही. फोटो आणि दाखला घेऊन तो दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करून घेईल.

पहिली आणि तिसरी मागणी मान्य झाली तर बाकीच्या अर्ध्या आपोआप सुटतील. लेखी लिहायचे म्हटले की माणूस स्क्रूड्रायव्हर हातात घेतो. आणि आपल्याच खर्चाने बॅटऱ्या उचलाव्या लागल्या की फुगणाऱ्या बॅटऱ्या बसवणे कंपनीला महाग पडू लागते.

कंपनीवर हा अन्याय नाही. पडलेला, आपटलेला, लोकलमध्ये दबलेला लॅपटॉप फुकट दुरुस्त करून द्या, असे या पत्रात कुठेही म्हटलेले नाही. प्रामाणिक कंपनीला तर याचा फायदाच आहे. खोटा दावा करणारा ग्राहक फोटो पाहून गप्प बसेल, आणि काउंटरवरच्या त्या मुलाला, ज्याला पगार किती मिळतो आणि वरून दावे कमी करण्याचा दबाव किती असतो हे मी जाणतो, रोज लोकांच्या शिव्या खाव्या लागणार नाहीत.

हे पत्र वाचणाऱ्या तिन्ही शहरांतल्या मंडळींनाही सांगणे आहे. टचपॅड वर आले किंवा तळ डगमगू लागला तर चार्जर काढा, लॅपटॉप दाबून बंद करू नका, गादी-उशीवर ठेवू नका. केंद्रात देण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, सुरू होत असेल तर बॅटरीचा अहवाल काढून ठेवा, बिल जपा. नकार मिळाला तर हसून म्हणा, "लिहून द्या." लिहून दिले नाही तर तेही ई-मेलने कंपनीला कळवा, आणि १९१५ वर नोंद करा. नोंदी साठल्या की मंत्रालयाला त्या दिसतात. नुसत्या गप्पा दिसत नाहीत.

मंत्रिमहोदय, वस्तू वाकली हे सगळ्यांना दिसते. ती का वाकली, हे पाहण्याची तसदी कंपनीने घ्यावी, जे दिसले ते लिहून द्यावे, आणि फुगलेली बॅटरी आमच्या डब्यातून नेण्याची वेळ आमच्यावर आणू नये. एवढे बंधनकारक करणारा आदेश येत्या उन्हाळ्याच्या आत काढावा, ही नम्र पण ठाम विनंती.

आपला,
एक ग्राहक,
कुळगाव-बदलापूर, जिल्हा ठाणे